संगणक हँग होतो, आपोआप बंद-चालू होतो: मेकॅनिककडे नेण्याआधी काय पाहाल?

(सामुदायिक रेडिओवरचं हे भाषण वाचक मैत्रिणींसाठी छापत आहोत.)



आज आपण घरातल्या आणि गटाच्या जुन्या संगणकाबद्दल बोलू. कुणाकडे तो मुलीच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला असतो, कुणाच्या ग्रामसंघाला कुठून तरी मिळालेला असतो. आठ-दहा वर्षं तो चालतो आणि मग त्याचे नखरे सुरू होतात. हिशेब लिहिता लिहिता पडदा थिजतो, माउस हलत नाही. कधी काही न सांगता बंद पडतो आणि स्वतःच पुन्हा सुरू होतो. सकाळी नीट चालतो, दुपारी रुसतो. घरातले म्हणतात, "याच्यात व्हायरस आहे" किंवा "याचं आयुष्य संपलं, नवीन घ्या."

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं: लाईट, गरमी, धूळ, सैल झालेला एखादा भाग किंवा थकलेली हार्ड डिस्क. ही कारणं कोणत्या क्रमाने तपासायची ते कळलं, तर निम्मं काम घरीच होतं. उरलेल्या कामासाठी मेकॅनिककडे गेलात, तरी काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असतं.

सगळ्यात आधी हिशेब वाचवा

आपल्या दशसूत्रीत नियमित हिशेब लिहिण्याला मान आहे. कुणाची बचत किती, कुणाचं कर्ज किती फिटलं, बँकेचा हप्ता कधी, हे सगळं त्या डब्यात असेल आणि डबा आजारी असेल, तर पहिलं काम डब्याची दुरुस्ती नाही. पहिलं काम म्हणजे ती माहिती बाहेर काढून घेणं.

संगणक ज्या वेळी नीट चालतो, त्याच वेळी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवा. एका पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, दोन ठेवा. एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे. चालू महिन्याचा हिशेब छापून फाइलला लावा. हाताने लिहिलेलं रजिस्टर तर बंद करूच नका. लाईट नसतानाही ते उघडतं.

मग एक वही करा

संगणकाजवळ एक साधी वही ठेवा. बिघाड झाला की चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, त्या वेळी काय काम चाललं होतं, घरात दुसरं काय सुरू होतं, आणि संगणकाने नेमकं काय केलं. आठवडाभरात त्या नोंदींतून काहीतरी दिसू लागतं. दरवेळी मोटर सुरू झाली तेव्हाच बंद पडतो का? दुपारी दोननंतरच का? सुरू केल्यावर बरोबर वीस मिनिटांनी का?

हँग झाल्यावर लगेच बटण दाबून बंद करू नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जिवंत आहे, फक्त कामात अडकला आहे. पाच-दहा मिनिटं थांबा. दिवा अजिबात हलत नसेल, तर तो खरोखर अडकला आहे. मग सुरू करायचं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे तो बंद होईल.

पहिला संशय: लाईट

संगणकाला घरातली 230 व्होल्टची वीज थेट चालत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. ती मोठ्या विजेची 12, 5 आणि 3.3 व्होल्टची लहान वीज करते. घरात मोटर, मिक्सर किंवा कूलर सुरू होताना दाब क्षणभर खाली जातो. नवी पेटी तेवढं सांभाळून घेते. जुनी पेटी थकलेली असते, तिला ते झेपत नाही, आणि संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

म्हणून आधी पाहा, संगणकाचा प्लग कुठे आहे? एकाच बोर्डवर कूलर, टीव्ही आणि मोबाइलचे चार्जर असतील, तर संगणकाला वेगळा बोर्ड द्या. प्लग सैल बसतो का, मागची वायर हलवली की बंद पडतो का, तेही पाहा.

यूपीएस असेल तर त्याचीही परीक्षा घ्या. चालू काम जतन करा, सगळ्या फाइली बंद करा आणि मग यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. संगणक चालू राहिला तर ठीक. तत्क्षणी बंद पडला, तर यूपीएसची बॅटरी संपली आहे. ही बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते. आपल्याकडच्या लोड शेडिंगमध्ये ती त्याआधीही दमते.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील, तर घराची अर्थिंग नीट नाही. हे संगणकापेक्षा आपल्या जिवाच्या काळजीचं आहे. वायरमनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरा संशय: गरमी आणि धूळ

यवतमाळचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. डब्याच्या आत जी मुख्य चिप असते, प्रोसेसर म्हणतात तिला, ती स्वतःच तापते. तिला थंड ठेवायला तिच्यावर धातूच्या पट्ट्यांचा एक ठोकळा आणि त्यावर छोटा पंखा असतो. पंखा खोलीतलीच हवा ओढतो. हवाच तापलेली असेल, तर चिप थंड होणार कशी? फार तापली की ती आधी मंद होते, आणि त्याहून तापली तर जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. म्हणून तो सकाळी चालतो आणि दुपारी रुसतो.

त्यात आपली कपाशीची घरं. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा आणि संगणकही त्याच खोलीत. कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, पंखा ते ओढून घेतो आणि त्या ठोकळ्याच्या पट्ट्यांमध्ये गोधडीसारखा थर बसतो. मग पंखा फिरतो, पण हवा आत जातच नाही.

सफाई अशी करा. संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डब्याची एका बाजूची पट्टी मागच्या दोन स्क्रूंवर असते, ती काढा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. रंगवायचा कोरा, मऊ, कोरडा ब्रश घ्या. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि हळूहळू धूळ झाडा. नाका-तोंडाला रुमाल बांधा. ओलं फडकं आत नेऊ नका. तोंडाने फुंकर मारू नका, तिच्यात ओलावा असतो. आणि एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठून राहते.

सफाईनंतर संगणक सुरू करून पंखा फिरतो का ते पाहा. अडखळत फिरत असेल किंवा घरघरत असेल, तर तो बदलावा लागेल. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो, तोही काही वर्षांनी वाळतो. तो नवा लावायचं काम मेकॅनिककडून करून घ्या.

जागाही पाहा. डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, मागे हातभर जागा सोडा. वर टाकलेला विणलेला रुमाल किंवा प्लास्टिकचं कव्हर चालू संगणकावरून काढा. आणि गरम होतो म्हणून त्याला कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलरच्या हवेत पाणी असतं, ते आत गेलं की गंज धरतो.

तिसरा संशय: रॅम

रॅम ही संगणकाची कामापुरती स्मरणपट्टी. बोटभर रुंदीची ही पट्टी मुख्य बोर्डवर खाचेत उभी बसवलेली असते. तिच्या सोनेरी दातांवर मळ किंवा गंज बसला, किंवा ती किंचित सैल झाली, की संगणक वेळी-अवेळी हँग होतो. कधी निळा पडदा येतो, कधी सुरू करताना नुसता बीप-बीप आवाज येतो आणि पडद्यावर काही दिसत नाही.

सफाई करताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलून पट्टी काढा. सोनेरी दात मुलांच्या पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, रबराचा चुरा झाडा. खाच जुळवून पट्टी परत दाबा, खिट्ट्या "टक" करून बसल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहा. एकीवर चालला आणि दुसरीवर अडला, तर दोषी पट्टी सापडली.

चौथा संशय: हार्ड डिस्क

सगळी माहिती जिथे साठते ती हार्ड डिस्क. फाइल उघडताना दरवेळी थिजतो, सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं घेतो, आतून "टक टक" किंवा खरखर आवाज येतो: ही तिची लक्षणं. अशी लक्षणं दिसली की कोणतीही तपासणी चालवू नका, विंडोज नव्याने टाकू नका. आधी माहिती उतरवून घ्या. लांबलचक तपासणीत मरायला टेकलेली डिस्क कायमची बंद पडू शकते. डिस्क बदलायचीच असेल, तर एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारा भाग नसतो, आणि तिच्यामुळे जुना संगणकही पुष्कळ चपळ होतो.

तारीख चुकते? मग गोल सेल पाहा

दरवेळी सुरू केल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागची दिसते? मुख्य बोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032 नावाचा, 3 व्होल्टचा. तो संपला आहे. तारीख चुकीची असली की बँकेची आणि सरकारी कामाची पानंही उघडत नाहीत, आणि आपण नेटला दोष देतो. सेल बदलला की काम झालं. जुना सेल मात्र लगेच लेकरांच्या हाताबाहेर ठेवा. मुलाने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

निळा पडदा आणि व्हायरस

विंडोजमध्ये मोठी चूक झाली की निळा पडदा येतो आणि संगणक स्वतः पुन्हा सुरू होतो. कधी तो इतका पटकन जातो की दिसतच नाही. मोबाइलवर त्याचा फोटो मिळाला तर जपून ठेवा. त्यावरचे शब्द मेकॅनिकला फार उपयोगी पडतात.

व्हायरसचा संशय शेवटी घ्या, पण घ्या. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नका. विंडोज 7 ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा 14 जानेवारी 2020 ला थांबली आणि विंडोज 10 ची मोफत नियमित सुरक्षा 14 ऑक्टोबर 2025 ला. अशा संगणकावर हिशेब लिहायला हरकत नाही, बँकेचे व्यवहार मात्र करू नका.

मेकॅनिककडे जाताना

आपली वही सोबत न्या. "चालत नाही" एवढंच सांगू नका. "दुपारी वीस मिनिटांनी बंद पडतो, सफाई केली, रॅम पुसली, यूपीएस ठीक आहे," असं सांगा. काम सांगायच्या आधी खर्च विचारा. बदललेला जुना भाग परत मागा. "आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही," हे चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा.

मुख्य बोर्डवर औषधाच्या गोळ्यांच्या डबीसारखे छोटे गोल खांब असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांची डोकी फुगली असतील किंवा त्यांतून तपकिरी चिकट गळलं असेल, तर बोर्ड संपत आला आहे. अशा संगणकावर मोठा खर्च करू नका. तो पैसा नव्यासाठी ठेवा.

आणि जुना डबा भंगारात द्याल, तेव्हा हार्ड डिस्क आधी काढून घ्या. तिच्यावर आपल्या सगळ्या बायांचे आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. संगणक चार हजारांचा असेल, पण ती माहिती दहा घरांची आहे.

येत्या बैठकीत एवढंच करा: हिशेबाची नक्कल दोन पेनड्राइव्हवर घ्या, संगणकाजवळ वही ठेवा, आणि एका दुपारी दोघी-तिघी मिळून डब्याची धूळ काढा. शिवणयंत्राला तेल घालणाऱ्या, पंपाचा वॉशर बदलणाऱ्या हातांना हे जड नाही.