बेबदो, बेवडा आणि चर्चगेटचा बँड

औसा-लातूर रस्त्याने जाताना 'परमिट रूम व बिअर बार' ही पाटी आपण हजारदा वाचतो. पण आत कोणी ट्रम्पेट, ड्रम, सॅक्सोफोन घेऊन लाइव्ह वाजवतंय, असं कधी ऐकलंय? नाही ना. आपल्या औशात लाइव्ह म्युझिक म्हणजे नाथ संस्थानचं चक्री भजन, नाहीतर वरातीतला ब्रास बँड. त्यालाही आता डीजेने मागे रेटलंय. त्यामुळे 'कॉलेजजवळच्या बारमधला आमचा बँड' अशा लाडाच्या आठवणी शोधायला मला मुंबईला जावं लागलं. रेल्वेने नाही, यूट्यूबने.

मुंबईत चर्चगेटला उतरलं की जयहिंद, केसी, सिडनहॅम, एचआर अशी कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत. साठच्या दशकात याच रस्त्यांवरच्या हॉटेलांत रोज रात्री बँड वाजायचे. अ‍ॅस्टोरिया हॉटेलमधल्या 'व्हेनिस'चं नाव त्यात फार मोठं. गंमत म्हणजे राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा होता आणि परमिटशिवाय दारू मिळायची नाही. आपली 'परमिट रूम' ही पाटी तिथूनच आली. पोरांच्या खिशात ना परमिट ना पैसे! त्यांच्यासाठी रविवारी सकाळी 'जॅम सेशन' असायचं. कोल्ड्रिंकची एक बाटली पुरवून पुरवून प्यायची आणि दुपारपर्यंत नाचायचं. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले लोक त्या सकाळींबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

व्हेनिसमध्ये वाजवणाऱ्यांत मडगावचा ख्रिस पेरी होता. ट्रम्पेटही वाजवायचा, सॅक्सोफोनही, आणि शिस्तीला म्हणे एकदम कडक. त्याच्या बँडची गायिका लॉर्ना कॉर्देरो. जन्म १९४६चा, म्हणजे स्टेजवर उभी राहिली तेव्हा ती समोर नाचणाऱ्या पोरापोरींच्याच वयाची. आवाज मात्र असा की माइक नसता तरी चाललं असतं! क्लबात मागणी इंग्रजी गाण्यांची, जॅझची. ते ती दणकून गायची.

पण इंग्रजी गाणी मुंबईतले सगळेच बँड वाजवायचे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आज कोणाला माहीत नाहीत. ख्रिसने वेगळी गोष्ट केली. तोच जॅझ, तोच चा-चा-चा त्याने कोकणीत आणला आणि लॉर्नाकडून गाऊन घेतला. रेकॉर्ड निघाल्या. 'बेबदो' नावाचं गाणं तर तुफान चाललं. बेबदो म्हणजे आपला बेवडा! भाषा कळत नसली तरी पहिल्या मिनिटात पाय हलायला लागतात, मी स्वतः हॉस्टेलच्या खोलीत ट्राय करून बघितलंय. माझं तर स्पष्ट मत आहे, ख्रिस फक्त इंग्रजी वाजवत बसला असता तर आज हा लेख झाला नसता. आपल्या गॅदरिंगला दर वर्षी त्याच चार हिंदी गाण्यांची कव्हर्स करणाऱ्या बँडवाल्यांनो, ऐकताय ना?

या गोवेकर वादकांपैकी बरेच जण रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे. 'अलबेला' (१९५१) बघा. सी. रामचंद्रांचं संगीत, भगवानदादांचा डान्स. त्यात पडद्यावर बँडसकट दिसणारा ट्रम्पेटवाला आहे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ताज हॉटेलात त्याचा बँड होता. गणपतीत आपण ज्या भगवान स्टाइलवर नाचतो, तिच्यामागे हे लोक आहेत, आणि श्रेयनामावलीत यांची नावं शोधूनही सापडत नाहीत. वाईट वाटतं यार.

लॉर्नाचं पुढे काय झालं, ते जास्त लागतं. सत्तरच्या दशकात तिचं आणि ख्रिसचं बिनसलं आणि ती गायचीच थांबली. एक-दोन नाही, वीसहून जास्त वर्षं. रेकॉर्ड घरोघरी वाजत होत्या आणि जिचा आवाज, ती गप्प. १९९५मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी तिला परत गायला तयार केलं. गोव्यात ती पुन्हा स्टेजवर आली तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. लोकांची ही गर्दी! ख्रिस पेरी २००२मध्ये गेला.

बार्द्रॉय बारेटो या दिग्दर्शकाने यावर 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा केला, २०१४मध्ये. नाव म्हणजे 'तालावर नाचूया'. पात्रांची नावं बदललीत, लॉरी आणि डोना. विजय मौर्य आणि पालोमी घोष यांनी ती केलीत, आणि गाणी ख्रिसचीच, नव्याने रेकॉर्ड केलेली. सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सबटायटल्स लावून बघा. आणि लॉर्नाचं ओरिजिनल ऐकायचं असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर नको, रूममेटचा ब्लूटूथ स्पीकर मागून घ्या. बेस ऐकू आला पाहिजे.