पेटी सापडली, पेटीचे धनी कुठे गेले?

आमच्या चारकोपला शेजारच्या इमारतीच्या पायासाठी खणत होते. खाडीचा काळा चिखल आणि शिंपले वर येताना पाहून नातवाने विचारले, "आजोबा, खाली एखादे बुडालेले शहर असेल का हो?"

मला डॉ. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही विज्ञान कादंबरी आठवली. तिच्यातही एका प्रयोगासाठी खोल खणताना पेटी सापडते. ती असते फार पूर्वी नष्ट झालेल्या, पण आपल्याहून प्रगत अशा संस्कृतीची. पेटीतल्या माहितीवरून 'वामन' हा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो.

हरवलेल्या संस्कृतीचे अवशेष ही विज्ञानकथाकारांची आवडती कल्पना. तिचे मूळ शोधत गेलो, तर प्लेटोने सुमारे २४०० वर्षांपूर्वी सांगितलेल्या अटलांटिसपर्यंत पोचतो. अवशेषांतून लेखकाला दोन गोष्टी एकदम दाखवता येतात: त्या लोकांचे ज्ञान आणि त्यांचा नाश. कथेतली माणसे बहुधा ज्ञानावर झडप घालतात आणि नाशाची चौकशी मागाहून करतात. तिथेच घात होतो.

नारळीकर २०२५ साली गेले. तोवर विचारू त्याचे उत्तर देणारी यंत्रे आपल्या खिशातल्या फोनवर आली होती. त्यामुळे ही कादंबरी आता नुसती करमणूक वाटत नाही.

नातवाला म्हटले, "शहर सापडलेच, तर तिथली माणसे का संपली ते आधी विचार."

तो म्हणाला, "पण पेटी उघडल्याशिवाय ते कळणार कसे?"

मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही.