पुळणीचे तीन पट्टे: मुलं आणि कुत्रा घेऊन समुद्रावर जाताना

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, समुद्रावर जायला व्याख्यान कशाला हवं? गाडी काढायची, मुलांना बसवायचं, कुत्र्याला मागच्या सीटवर घ्यायचं आणि निघायचं. आम्हीही बरीच वर्षं तसंच करत होतो. एका सकाळी गुहागरला जे घडलं, त्यानंतर मात्र शिकावं लागलं. ते शिकलेलं आज तुमच्यापुढे ठेवतो.

गुहागर अनेकांनी पाहिलं असेल. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे गाव समुद्राला समांतर पसरलेलं आहे. रस्त्यालगत घरं, व्याडेश्वराचं देऊळ, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडीचं मागचं दार उघडून सुरूची झाडं ओलांडली की सरळ, लांबलचक पुळण. मुलांना धावायला आणि कुत्र्याला पळायला आणखी काय हवं?

डिसेंबर महिना होता. उजाडता उजाडता आम्ही वाडीतून खाली उतरलो. दोन मुलं आणि आमचा गावठी कुत्रा, मोती. किनाऱ्यावर कुणी दिसत नव्हतं, म्हणून मोतीची दोरी सोडली. तो पाण्याकडे गेलाच नाही. सुरूच्या बाजूला, कोरड्या वाळूत जाऊन उकरायला लागला. मुलांना गंमत वाटली. आम्ही पोचेपर्यंत पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी अंडी वर आली होती, चार-पाच फुटली होती. थोड्या वेळात सकाळच्या फेरीवरचे कासवमित्र आले. ते रागावले नाहीत. उरलेली अंडी मोजून त्यांनी वाळूसकट बादलीत ठेवली आणि कुंपण घातलेल्या हॅचरीकडे नेली. धाकटीने विचारलं, “मोतीने मुद्दाम केलं का?” मोतीने काय मुद्दाम करायचं? दोरी आम्ही सोडली होती.

म्हणून आजचा मुद्दा एवढाच: पुळण ही एक जागा नाही, तिचे तीन पट्टे आहेत. वरची कोरडी वाळू, मधली ओली वाळू आणि पाणी. कुठला पट्टा कुणाचा, हे कळलं की बाकीचं सोपं आहे.

पहिला पट्टा, कोरडी वाळू. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे शेवाळ, शिंपले, काटक्यांची एक रेघ राहते. त्या रेघेच्या वरची वाळू ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीला लागते. कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती रात्री वर येते, मागच्या पायांनी दीड फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. पुढे 45 ते 60 दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा त्या वाळूच्या तापमानावर ठरतं. आपल्याला वरून काही दिसत नाही, कुत्र्याच्या नाकाला मात्र लगेच कळतं. हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आता गंमत पाहा, आपला सहलीचा हंगाम आणि कासवाचा हंगाम एकच! म्हणून हा पट्टा ओलांडताना कुत्रा दोरीवरच हवा. रात्री आणि अगदी पहाटे त्याला नेऊच नये. गाडी तर वाळूत कधीच घालू नये.

या पट्ट्याशी मुलांचाही संबंध आहे. कुत्र्याच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी असू शकतात. सावलीतल्या, भरतीने न धुतल्या जाणाऱ्या वाळूत त्यांच्या अळ्या टिकतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग कातडीवर नागमोडी, खाजरी रेघ उमटते. उपाय सोपा आहे. कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध द्यायचं, आणि पिशवी नेऊन त्याची घाण उचलायची. वर वाळू लोटली म्हणजे साफ केलं, असं नाही.

दुसरा पट्टा, ओली वाळू. हा आपला. घट्ट, थंड, खेळायला उत्तम, आणि इथला किल्ला पुढची भरती पुसून टाकते. पण हा पट्टा दिवसभर सारखा रुंद नसतो. इथे कोकणातला जुना हिशेब कामी येतो: तिथीची पाऊणपट करा, साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सूर्यास्ताला सगळ्यात रुंद पुळण! उलट अष्टमीला संध्याकाळी सहालाच भरती असते, त्या दिवशी सकाळी नऊ-दहाला गेलेलं बरं. जागेप्रमाणे यात तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी किंवा गावात विचारावी.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासात पाणी पाव मीटर चढतं, दुसऱ्यात अर्धा, आणि तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी पाऊण मीटर. उतार तीसला एक धरला, तर त्या एका तासात पाणी बावीस मीटर आत येतं. चपला वाहून जातात त्या याच वेळी. मुलांना वाळूत सोडून आपण नारळपाणी प्यायला जातो, तेही बहुतेक याच वेळी.

कुत्र्यासाठी तीन गोष्टी. एक, गोडं पाणी आणि वाटी बरोबर ठेवा. खारं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब होतात, फार प्यायला तर जिवावर बेततं. दोन, दुपारी हाताची मागची बाजू वाळूवर पाच-सात सेकंद ठेवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. तीन, मेलेले मासे आणि जेलीफिश त्याला हुंगू देऊ नका. मेलेल्या जेलीफिशचाही डंख बसतो, आणि पफर फिशचं विष मेल्यावरही तसंच राहतं. हिवाळ्यात कुरवांचे थवे ओल्या वाळूवर बसलेले असतात. लांबून आलेले पाहुणे आहेत ते, त्यांच्यावर कुत्रा सोडून फोटो काढू नका. आणि गावातले कुत्रे त्या किनाऱ्याचे मालक असतात, म्हणून आपल्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असलीच पाहिजे.

तिसरा पट्टा, पाणी. इथे आपण पाहुणे. लाटा फुटतात तिथे धोका दिसतो, पण खरा धोका बरेचदा दोन फुटत्या लाटांमधल्या शांत, गढूळ किंवा गडद पट्टीत असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून जोराने परत जात असतं. हाच रिप करंट. आणि आपण “इथे शांत आहे” म्हणून मुलांना नेमके तिथेच उतरवतो! त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्टीबाहेर पडा. काठावरच्याने उडी मारू नये. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, दोर, जे तरंगेल ते फेकावं आणि 112 ला फोन करावा. कुत्रा ओढला गेला तरी मागे जाऊ नये. हे ऐकायला कठोर वाटतं, पण कुत्र्यामागे गेलेला माणूस बुडतो आणि कुत्रा बाहेर येतो, असंही होतं. मूल पाण्यात असेल तर आपण हाताच्या अंतरावर, आणि पाणी त्याच्या गुडघ्याइतकंच. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही.

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो: “मग कुत्र्याला न्यावं की नाही?” न्यावं. आम्ही अजूनही नेतो. ओहोटीची वेळ बघतो, सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंत दोरी हातात ठेवतो, आणि खाली पोचल्यावर लांब दोरीवर मोतीला पळू देतो. पुढच्या वर्षी हॅचरीतली पिल्लं समुद्रात सोडताना मुलं बघायला गेली होती. मोती त्या दिवशी वाडीत बांधलेला होता. धाकटीने परत आल्यावर त्याला सगळं सांगितलं.

आता प्रश्न घेऊ या.