वापरलेली होडी घेताना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की कारखाने, मालट्रक आणि पाळीचे भोंगे आठवतात. होडी काही आठवत नाही. पण नकाशा उघडून पाहा. पिंपरी-चिंचवडला पाणी देणारे पवना धरण मावळात आहे. चाकणपासून फार दूर नाही असे भामा-आसखेड धरण खेड तालुक्यात आहे. पवना, इंद्रायणी, भामा या नद्यांचे पाणी शेवटी भीमेत जाते, आणि भीमा ते उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात नेऊन सोडते. या जलाशयाच्या काठी, इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांत शेकडो कुटुंबे मासेमारीवर पोट भरतात. त्यांची सर्वांत महागाची वस्तू म्हणजे होडी. नवी होडी घेणे सर्वांना परवडत नाही, म्हणून पुष्कळ जण वापरलेली घेतात.

घरी तुम्ही होडीला किश्ती म्हणत असाल. मराठीत होडीला नावही म्हणतात. मात्र 'ती नाव' म्हणजे होडी आणि 'ते नाव' म्हणजे ज्या नावाने आपल्याला हाक मारतात ते, हा फरक लक्षात ठेवा. तुमच्या 'लंगर'ला मराठीत 'नांगर' म्हणतात. शेत नांगरणाऱ्या अवजाराचेही नाव तेच आहे.

आता समजा, तुमचे मामू भिगवणजवळ राहतात. त्यांना एक जुनी होडी घ्यायची आहे आणि ती पाहायला त्यांनी तुम्हाला बरोबर नेले आहे. विकणाऱ्याने होडीला ताजा निळा रंग दिला आहे. मामूंना रंग आवडला. तुम्ही मात्र रंगाकडे पाहू नका. जुन्या होडीवरचा ताजा रंग ही आनंदाची नव्हे, चौकशीची गोष्ट आहे. होडी पालथी करायला सांगा. तिची खरी हकिकत तळावरच लिहिलेली असते.

होडी लोखंडी पत्र्याची असेल तर लहान हातोडीने तळावर हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. गंजाने पातळ झालेल्या किंवा आतून लांबी भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. तुमच्यापैकी काहींचे अब्बा वेल्डिंगचे काम करत असतील. त्यांना विचारा, जोडावरची वेल्डिंगची रेघ एकसारखी आहे की जागोजागी ठिगळे मारलेली आहेत, हे ते एका नजरेत सांगतील. लाकडी होडीत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फळ्यांच्या जोडापाशी हलके टोचून पाहावे. टोक सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. उन्हात बरेच दिवस पडून राहिलेल्या लाकडी होडीच्या फटी उघडतात आणि पहिल्या दिवशी ती गळते. दोन दिवस पाण्यात ठेवली की लाकूड फुगते आणि बारीक फटी मिटतात. म्हणून गळली की लगेच तिला वाईट ठरवू नये, दोन दिवसांनी पुन्हा पाहावे.

फायबरची होडी वजनाने हलकी, म्हणून अलीकडे तिला मागणी आहे. काचेच्या धाग्यांचे कापड एकावर एक ठेवून त्यांत रेझिन मुरवले की फायबर तयार होते. आपल्या औद्योगिक पट्ट्यात या पदार्थाचे नाव नवे नाही. फायबरला गंज लागत नाही, पण त्याचे थर एकमेकांपासून सुटतात. एका नाण्याने तळावर टकटक करत जा. जेथे आवाज पोकळ येतो तेथे थर सुटले आहेत. तळाला खोल ओरखडे आहेत का तेही पाहा. उजनीच्या पाण्याखाली जुनी गावे, भिंती, झाडांचे बुंधे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, तसे हे दगडही वर येतात आणि होडीचा तळ त्यांवर घासतो.

यानंतरची परीक्षा सर्वांत सोपी, आणि माझ्या मते सर्वांत चांगली. होडी जमिनीवर लाकडी ओंडक्यांवर ठेवा आणि तिच्या आत वीतभर पाणी ओता. अर्धा तास थांबा. आतले पाणी बाहेर ठिबकले तर बाहेरचे पाणीही आत येणारच. ज्या जागी ठिबकते तेथे खडूने खूण करा. विकणारा पाणी ओतू देत नसेल, तर मामूंना दुसरी होडी पाहायला सांगा.

होडी किती ओझे घेईल याचा हिशेब तुम्ही वहीत करू शकता. आर्किमिडीजचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात: तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. सपाट तळाची होडी ३.५ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे असे धरू. गुणाकार ४.२ चौरस मीटर येतो. पण होडी पुढे निमुळती असते, म्हणून त्याचे तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे ३.१५ चौरस मीटर घेऊ. अशी होडी १ सेंटिमीटर खाली गेली की सुमारे ३१ लिटर, म्हणजे ३१ किलो पाणी बाजूला सरते. होडीचे वजन १२० किलो, तीन माणसे १८० किलो, जाळे आणि मासे ६० किलो; एकूण ३६० किलो. होडी साधारण १२ सेंटिमीटर बुडेल. तिची बाजू ४० सेंटिमीटर उंच असेल तर २८ सेंटिमीटर पाण्याच्या वर राहील. शांत पाण्यात एवढे पुरे वाटते. पण उजनीसारख्या मोठ्या पाण्यावर वारा सुटला की फुटा-दीड फुटाच्या लाटा उठतात, आणि एक फूट म्हणजे ३० सेंटिमीटर! आता होडीत ५ सेंटिमीटर पाणी साचले असे समजा. ते जवळजवळ दीडशे किलो भरते. शिवाय ते माणसासारखे एका जागी बसत नाही. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. पुष्कळ होड्या अशाच उलटतात.

मे २०२४ मध्ये करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठाला लागला. ती मासेमारीची होडी नव्हती, पण पाणी तेच आणि वाराही तोच. मे महिन्यातला दुपारनंतरचा वळवाचा वारा सांगून येत नाही. आभाळ काळवंडू लागले की जाळे तसेच सोडून काठ गाठावा. जाळे उद्या मिळेल.

म्हणून होडी घेतल्यावर उरलेले पैसे कशावर खर्च करावेत याबद्दल माझे मत ठाम आहे. बहुतेक लोक आधी इंजिन पाहतात. मी म्हणेन, आधी जितकी माणसे तितकी जीवनरक्षक जाकिटे घ्या. जुने जाकीट स्वस्त मिळते, पण त्याचे पट्टे आणि बंद ओढून पाहा आणि कमरेइतक्या पाण्यात घालून ते उचलते का ते तपासा. जाकीट फळीखाली ठेवायची वस्तू नाही, ते अंगात हवे. होडी उलटल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही.

दुसरा खर्च फारच थोडा आहे. लोखंडी होडी पाण्याने भरली की तळाशी जाते. ती जाऊ नये म्हणून बसायच्या फळ्यांखाली दोन्ही बाजूंना रिकामे, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे कॅन पक्के बांधतात. १५ लिटरचा एक कॅन पाण्याखाली गेला की सुमारे १४ किलो वजन उचलून धरतो. १२० किलोच्या लोखंडी होडीला असे आठ-नऊ कॅन लागतात. मग ती पाण्याने भरली तरी तरंगत राहते आणि माणसांना धरायला आधार मिळतो.

बाकीचे सामान तुम्हालाही सुचेल: दोन वल्ही आणि एक जादा, नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट दोर, पाणी उपसायला डबा, शिट्टी आणि टॉर्च. डबा दोरीने बांधून ठेवावा, नाहीतर तोच आधी वाहून जातो. जाळे होडीच्या मध्यभागी तळाशी ठेवावे. उंच ढीग केला तर होडी डगमगते.

इंजिन लावायचेच असेल तर होडीची मागची फळी आधी हलवून पाहा, कारण सगळा भार तिच्यावर येतो. यांत्रिक नावेसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी आणि नोंदणी लागते. मासेमारीलाही परवानगी हवी. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी मामूंनी विकणाऱ्याकडून सहीची पावती घ्यावी. पावतीवर होडीची लांबी, रुंदी आणि ती कशाची बनलेली आहे हे लिहिलेले असावे. तळावर खडूने केलेल्या खुणा किती आणि त्या कोण दुरुस्त करून देणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.