विश्लेषण : समुद्री मत्स्यालयाची टाकी महिनाभर माशांविना का ठेवावी लागते? ‘लाइव्ह रॉक’ घेताना कायदा काय सांगतो?

नागपूरपासून मुंबईचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही घरच्या टाकीत केशरी-पांढरा क्लाउनफिश पोहताना पाहावा, अशी हौस असणारे इथेही आहेत. मात्र टाकी भरून दुसऱ्याच दिवशी मासे सोडले, तर काही दिवसांतच ते दगावण्याची भीती असते. पाणी तर नितळ दिसते. मग मासे मरतात कशाने?

टाकीचे ‘सायकलिंग’ म्हणजे काय?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी विष असतो. निसर्गात जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट थोड्या प्रमाणात मासे सहन करतात आणि पाणी बदलून ते कमी करता येते. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढवण्याची प्रक्रिया म्हणजे सायकलिंग. अनेक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, पण यांना त्यासाठी साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणूनच ४ ते ६ आठवडे थांबावे लागते.

नागपुरात काळजी अधिक का?

समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. पीएच आणि तापमान वाढले की अमोनियाचे अधिक विषारी रूप वाढते. नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. समुद्री टाकीला मात्र २५-२६ अंश मानवते. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि तो मासे व जिवाणू दोघांनाही हवा असतो. त्यामुळे चिलर आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप, या दोन गोष्टी इथे चैन नाहीत, गरज आहेत.

वाळू आणि दगड कशासाठी?

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीतले पाणी आणून फारसा उपयोग होत नाही. वाळूचे कण आणि दगडांची छिद्रे ही त्यांची घरे. त्यासाठी अ‍ॅरागोनाइट वाळू वापरतात. ती कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने पीएच टिकवायला मदत करते. बांधकामाची नदीतली रेती हे काम करत नाही.

लाइव्ह रॉक कायदेशीर आहे का?

लाइव्ह रॉक म्हणजे मुख्यतः मृत प्रवाळांचे सांगाडे, ज्यांत जिवाणू आणि सूक्ष्म जीव वस्ती करून असतात. परदेशातल्या अनेक व्हिडिओंत तोच टाकीत टाकायला सांगतात. भारतात मात्र रीफ बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांचे तुकडे समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. कच्छ, मन्नार, लक्षद्वीप, अंदमानच नव्हे, आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. त्यामुळे ‘ओरिजिनल समुद्री दगड’ स्वस्तात मिळतोय, म्हणून घेऊ नये.

मग पर्याय काय?

सच्छिद्र सिरॅमिक किंवा कृत्रिम दगड आणि बाटलीत मिळणारे समुद्री जिवाणू. जिवाणू बाहेरून घातल्याने वेळ वाचू शकतो, पण चाचणी टाळता येत नाही.

क्रम असा ठेवावा :

• नळाचे पाणी थेट वापरू नये, त्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते. आरओ-डीआय पाणी घ्यावे.

• मत्स्यालयाचे समुद्री मीठ मिसळावे. १०० लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो लागते. घनता १.०२५ आली की पुरे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.

• वाळू, दगड, पंप लावून जिवाणू घालावेत.

• जिवाणूंना खाद्य म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड द्यावे, म्हणजे कल्हईवाले वापरतात तोच नवसागर. मात्र बाजारातला नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा. १०० लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम घातल्यास अमोनिया २ पीपीएम होतो.

• दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजावे. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढते, मग तेही उतरते.

टाकी तयार झाली, हे कसे ओळखावे?

अमोनिया पुन्हा २ पीपीएम करावा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. मग बरेचसे पाणी बदलून नायट्रेट कमी करावे आणि सुरुवातीला एक-दोनच मासे सोडावेत. जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या खाद्याइतकीच असते. एकदम दहा मासे आले, तर अमोनिया पुन्हा वाढतो.

काही जण ‘स्वस्त मासा आधी सोडून बघू’ म्हणतात. त्यात तो मासा अमोनियात होरपळतो. त्याची गरज नाही, नवसागर तेच काम करतो.

मासे घेतानाही विचारून घ्यावे. क्लाउनफिशचे प्रजनन आता भारतातच होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. हॅचरीत जन्मलेला मासा घेतला, तर समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो.