पहिला शब्द : कागद

स्टीफन विल्टशायर या चित्रकाराविषयी मित्रमंडळी वारंवार विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९७४ साली लंडनमध्ये जन्मलेला हा स्वमग्न मुलगा पाचव्या वर्षी क्वीन्समिल शाळेत दाखल झाला तेव्हा बोलत नसे. रेषा हीच काय ती त्याची वाणी. ती जाणून शिक्षकांनी अशी युक्ती योजिली, की चित्रकलेचे साहित्य काही काळ त्याच्या हाती लागू द्यायचे नाही, म्हणजे निदान ते मागण्यासाठी तरी त्याला वाचा फुटेल. आणि खरोखरच, प्रथम नुसते हुंकार देऊन अखेर त्याच्या मुखातून पहिला शब्द उमटला तो ‘पेपर’, म्हणजे कागद. (युक्ती मला किंचित निष्ठुर वाटते, हे नमूद करून ठेवतो.) पुढे शिक्षक क्रिस मॅरिस त्याला इमारती रेखाटण्यासाठी शहरभर हिंडवू लागले, १९८७ साली बीबीसीच्या कार्यक्रमात वास्तुविशारद सर ह्यू कॅसन यांनी त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि त्याच वर्षी त्याचा पहिला चित्रसंग्रह निघाला. २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियोवर एकच अल्पशी फेरी मारून त्याने ते अफाट नगर निव्वळ स्मरणाच्या बळावर दहा मीटर लांबीच्या पटावर उतरविले, तेव्हा त्याला सात दिवस पुरले.