शहराचे अंदाजपत्रक आणि वेशीबाहेरची गावे

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक म्हटले, की खेड्यातला माणूस साहजिकच म्हणतो, "आपल्याला काय त्याचे? आपली ग्रामपंचायत, आपली घरपट्टी, झाले." दौंड-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला विचारा, तो कालव्याच्या आवर्तनाची तारीख तोंडपाठ सांगेल. पुणे शहराचे अंदाजपत्रक किती कोटींचे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या कालव्यात येणारे पाणी आणि पुण्याच्या अंदाजपत्रकातले एक कलम यांचे नाते फार जवळचे आहे. ते कलम सापडायचे तर आधी हे अंदाजपत्रक कसे तयार होते ते पाहायला हवे. म्हणून आज उदाहरण पुण्याचेच घेऊ.

पुण्याची महानगरपालिका १९५० साली झाली. तिचा कारभार १९४९ च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे चालतो. या कायद्यात एक गंमत आहे. मिरवणुकीत पुढे असतो महापौर, पण कारभाराची चावी आयुक्ताच्या हाती, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. पुढच्या सालची जमा किती, खर्च किती, याचा आराखडा आयुक्त करतो आणि स्थायी समितीपुढे ठेवतो. ही समिती सोळा नगरसेवकांची. ती त्यात आपल्या मनाप्रमाणे फेरफार करते, आणि मग ते अंदाजपत्रक सर्व नगरसेवकांच्या सभेपुढे येते. पुण्यात हिला मुख्य सभा म्हणतात. तिथे भाषणे होतात, टोमणे होतात, कधी रात्र होते. लोकांना वाटते, हा सगळा वेळेचा अपव्यय. मला तसे वाटत नाही. महात्मा फुले एकोणिसाव्या शतकात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला, ही हकीकत शिक्षक बंधुभगिनींना त्यांच्या चरित्रातून माहीत असेल. खर्चाला विरोध करायचा तर तो बोलून दाखवायला सभा लागते. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक वेळेवर झाली नाही. मग २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ या सालांची अंदाजपत्रके प्रशासकानेच केली. म्हणजे मांडणारा तोच, तपासणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच!

नगरसेवक असले म्हणजे सगळे आलबेल, असेही समजू नका. पुण्यात 'स यादी' नावाचा एक प्रकार आहे. प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातल्या किरकोळ कामांसाठी काही रक्कम सुचवता येते, तिची ही यादी. गल्लीतली फरशी, गटाराचे झाकण अशी नड भागवायला ती उपयोगी खरी. पण तिच्यातून बाके, नामफलक आणि कापडी पिशव्याही निघतात, आणि बाकावर बसणाऱ्यापेक्षा बाकावरचे नाव मोठे असते. दुसरा शब्द लक्षात ठेवा, 'वर्गीकरण'. एका कामासाठी धरलेली रक्कम साल संपता संपता दुसऱ्या कामाकडे वळवायची, याला तिथे वर्गीकरण म्हणतात. एप्रिलमध्ये सांडपाण्याच्या नळासाठी ठेवलेला पैसा फेब्रुवारीत रस्त्याच्या डांबरावर गेलेला असू शकतो. तेव्हा मंजूर झाले म्हणजे काम झाले, असे नव्हे.

आता जमेकडे वळू. खरी गोम इथे आहे. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना शहराच्या वेशीवरचा जकातनाका आठवत असेल. मालमोटारींची रांग, हातात पावती, कारकुनाशी हुज्जत. शहरात वापरायला किंवा विकायला येणाऱ्या मालावरचा हा कर म्हणजे महानगरपालिकेच्या घरचे उत्पन्न होते. रोजच्या रोज पेटीत पडणारे, कुणापुढे हात न पसरता मिळणारे. नाक्यावर खोळंबा होई, लाचलुचपतही चाले, त्यामुळे जकात जावी असे म्हणणारे पुष्कळ होते. पुण्यात ती १ एप्रिल २०१३ पासून गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तो व्यापाऱ्यांना रुचला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्यांना त्यातून सोडले, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेलाही संपला. बदल्यात राज्य सरकार महानगरपालिकांना भरपाई देते, आणि तीत दर साली ८ टक्के वाढ धरण्याची तरतूद कायद्यात केली आहे. पैसा येतो, नाही असे नाही. पण मळ्यातले पीक विकून येणारा पैसा वेगळा आणि थोरल्या भावाने महिन्याला पाठवलेला पैसा वेगळा. हे घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावे लागत नाही.

मग शहराच्या स्वतःच्या हातात काय राहिले? मुख्यतः दोन गोष्टी: मिळकत कर आणि बांधकाम परवानगीतून येणारे विकास शुल्क. दोन्ही घरांवर उभ्या आहेत. जितकी नवी घरे, तितकी जमा जास्त. शहराच्या मध्यभागी मोकळी जमीन कुठली? ती आहे कडेच्या गावांत. जकात असताना शहराला नाक्यावरून आत येणाऱ्या मालाची ओढ होती. आता त्याला नाक्यापलीकडच्या जमिनीची ओढ आहे. गावे शहरात घेण्यामागे याखेरीज दुसरी कारणेही आहेत, आणि शहराचे लोण आधीच गावात पोचलेले असते, हेही कबूल केले पाहिजे. पण तिजोरीचे हे गणित सभेत कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून इथे सांगितले.

२०१७ साली पुण्यात ११ गावे घेतली, २०२१ साली आणखी २३. क्षेत्रफळाने पुणे मुंबईपेक्षाही मोठी महानगरपालिका झाली. पण २०२१ च्या त्या २३ गावांसाठी नियोजनाचा अधिकार राज्य सरकारने महानगरपालिकेला न देता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे सोपवला. इमारतीला परवानगी द्यायची एकाने, तिच्या नळाला पाणी द्यायचे दुसऱ्याने! इमारत उभी राहते आणि दारात टँकर येतो, याचे आश्चर्य वाटायला नको.

गावकऱ्यांच्या बाजूने पाहिले, तर ग्रामपंचायत जाते, सरपंच जातो आणि कर टप्प्याटप्प्याने शहराच्या दराकडे चढू लागतो. उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांची गोष्ट घ्या. पुण्याचा कचरा कित्येक वर्षे याच शिवारात पडत आला. विहिरींचे पाणी नासले, वास सुटला, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडवल्या. २०१७ मध्ये ही गावे शहरात गेली, तेव्हा लोकांना वाटले, आता निदान नळ आणि गटार येईल. आधी आली कराची बिले. सोयी मागून येतील म्हणाले. शेवटी कराच्या बोजावरून तक्रारी इतक्या वाढल्या, की सरकारने ही दोन्ही गावे शहरातून पुन्हा बाहेर काढली आणि २०२४ साली त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत आत जाऊन बाहेर! कचऱ्याचे ढीग मात्र आत-बाहेर करत नाहीत. ते आहेत तिथेच असतात.

आणि आता ते पाण्याचे कलम. पुणे पाणी घेते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून. हवेली, दौंड, इंदापूरचा कालवाही याच साखळीवर. शहर ठरल्यापेक्षा जास्त पाणी उचलते, ही जलसंपदा खात्याची जुनी तक्रार आहे. धरणे तीच आणि माणसे वाढली, तेव्हा कुणाच्या तरी वाट्याचे कमी होणारच. पण नळाने घरात गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा हिशेब अभियंते धरतात. ते शुद्ध करून मुंढव्याहून उपसून जुन्या कालव्यात, ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात सोडायचे, आणि शेतीला द्यायचे, अशी योजना झाली. योजना उत्तम. पण शुद्ध करायला केंद्रे लागतात, केंद्रांना पैसा लागतो, आणि तो पैसा शहराच्या अंदाजपत्रकातून यावा लागतो. केंद्र झाले नाही, तर तेच पाणी काळे होऊन मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी जपानच्या कर्जसाह्याची ९९० कोटींची योजना जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाली. तिची केंद्रे प्रत्यक्ष उभी राहू लागायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. मधल्या प्रत्येक अंदाजपत्रकात नदीचे नाव होतेच.

२०२५-२६ चे पुण्याचे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. आकड्याने डोळे दिपवून घेऊ नका. शाळेतल्या वरच्या वर्गात एखाद्या तासाला हे पुस्तक, नाही तर आपल्या तालुक्याच्या नगरपालिकेचे, उघडून बघण्यासारखे आहे. पानावर तीन रकाने दिसतील: गेल्या सालचे प्रत्यक्ष, चालू सालचे सुधारलेले आणि पुढच्या सालचे अंदाजाचे. बातमी छापून येते ती तिसऱ्या रकान्याची. मुलांना पहिल्या रकान्यावर बोट ठेवायला सांगा, आणि मलनिस्सारणाचे पान काढून दोन साले मागे जाऊन विचारा: तेव्हा तिसऱ्या रकान्यात किती लिहिले होते, आणि आज पहिल्यात किती उतरले?